जॉर्ज किंग्स्ले झिफ : शहरांची मोजदाद करणारे भाषापंडित

कोणत्याही देशाचा नकाशा पुढें ठेवून त्यांतील शहरांकडे पाहिलें असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. अतिशय मोठीं शहरें एकदोनच असतात. मध्यम शहरें त्यांहून अधिक असतात. आणि लहान गांवें तर इतकीं असतात कीं, त्यांचीं नांवें नकाशांत मावतही नाहींत. हें असें कां असावें, हा प्रश्न आपणांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत येतो. प्रत्येक शहराचा इतिहास निराळा. एखादें बंदरामुळें वाढलें, एखादें राजधानीमुळें, एखादें खाणीमुळें, तर एखादें दोन रस्त्यांच्या तिठ्यामुळें. अमुक शहरांत इतकींच माणसें असावींत, असा हुकूम कोणत्याही राजानें काढलेला नसतो. तरी सुद्धां एखाद्या देशांतील सर्व शहरांची लोकसंख्येप्रमाणें उतरती यादी केली, तर तींत पुष्कळदां एक साधें गणित आढळतें. हें गणित जगाच्या नजरेस ज्यांनीं ठळकपणें आणून दिलें, ते गृहस्थ भूगोलज्ञ नव्हते, गणिती नव्हते, कीं शिरगणती खात्याचे अधिकारीही नव्हते. ते अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत जर्मन भाषा शिकविणारे अध्यापक होते. त्यांचें नांव जॉर्ज किंग्स्ले झिफ. त्यांच्या चरित्रांत रणांगणें नाहींत कीं सिंहासनें नाहींत. पण चिकाटीनें मोजीत बसणाऱ्या माणसाला काय गवसतें, आणि गवसलेल्या गोष्टीच्या मोहांत तो कोठवर वाहवत जातो, या दोन्ही गोष्टी त्यांत स्पष्ट दिसतात. म्हणून तें विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही जाणून घेण्यासारखें आहे.

झिफ यांचा जन्म ७ जानेवारी १९०२ रोजीं अमेरिकेच्या इलिनॉय संस्थानांतील फ्रीपोर्ट या गांवीं झाला. १८५८ सालीं अब्राहाम लिंकन व स्टीफन डग्लस यांच्यामध्यें गुलामगिरीच्या प्रश्नावर जे प्रसिद्ध जाहीर वादविवाद झाले, त्यांपैकीं दुसरा याच गांवीं झाला होता. जर्मनींतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची वस्ती फ्रीपोर्टमध्यें बरीच होती, आणि झिफ हें आडनांवही जर्मनच. हार्वर्ड विद्यापीठांतून ते १९२४ सालीं उच्च सन्मानासह पदवीधर झाले. पुढें जर्मनींत जाऊन बॉन व बर्लिन येथील विद्यापीठांत त्यांनीं अभ्यास केला, आणि परत येऊन तौलनिक भाषाशास्त्रांत १९३० सालीं हार्वर्डची डॉक्टरची पदवी मिळविली. त्याच विद्यापीठांत ते जर्मन भाषेचे अध्यापक झाले, व अखेरपर्यंत तेथेंच राहिले.

भाषेचा अभ्यास म्हटला कीं, शब्दांच्या व्युत्पत्ती, व्याकरणाचे नियम आणि एका भाषेचें दुसरीशीं नातें, हे विषय आपल्या डोळ्यांपुढें येतात. तरुण झिफ यांच्या मनानें मात्र निराळाच प्रश्न घेतला. तो असा कीं, कोणता उच्चार किंवा कोणता शब्द लोक किती वेळां वापरतात? डॉक्टरच्या पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय हाच होता. ज्या ध्वनींचा वापर अधिक, त्यांत कालांतरानें फरक पडण्याचा संभवही अधिक, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पायाखालची फरशी जशी रहदारीनें झिजते, तसे शब्दही वापरानें झिजतात. टेलिफोन हें यंत्र नवीन होतें तोंवर त्याचें नांव पुरतें उच्चारलें जाई. घरोघर तें आल्यावर त्याचा फोन झाला. बहुतेक भाषांत नेहमींचे शब्द आंखूड व क्वचित् लागणारे शब्द लांब असतात, हें जें आढळतें, त्याकडे पद्धतशीर लक्ष वेधण्याचें श्रेय झिफ यांना आहे.

पण केवळ मत मांडून त्यांचें समाधान होईना. ते मोजूं लागले. आज संगणकाच्या साह्यानें एखाद्या मोठ्या ग्रंथांतील शब्द क्षणार्धांत मोजतां येतात. त्या काळीं तें काम कागद, पेन्सिल व याद्या घेऊनच करावें लागे. १९११ सालीं एल्ड्रिज नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थांनीं वर्तमानपत्रांतील ४३,९८९ शब्दांची गणना प्रसिद्ध केली होती. तींत निरनिराळे शब्द सुमारें ६,००० भरले होते. ही गणना झिफ यांनीं हातीं घेतली. तिच्या जोडीला प्राचीन रोमन नाटककार प्लॉटस याचीं लॅटिन नाटकें व पेकिंगकडील बोलभाषेंतील चिनी उतारे यांचीही गणना घेऊन १९३२ सालीं त्यांनीं आपलें पहिलें पुस्तक प्रसिद्ध केलें. १९३५ सालीं त्याच विषयावर दुसरें पुस्तक आलें. तीन भाषा, तीनही एकमेकींपासून दूरच्या, परंतु तिन्हींचा हिशेब एकाच प्रकारचा निघाला. मूठभर शब्द पुनःपुन्हां येतात, व शेंकडों शब्द एकदांच डोकावून जातात.

या हिशेबाचें सर्वांत ठळक उदाहरण पुढें त्यांना एका कादंबरींत मिळालें. आयरिश लेखक जेम्स जॉइस यांच्या युलिसीस या कादंबरींतील शब्दांची संपूर्ण सूची दुसऱ्या अभ्यासकांनीं तयार केली होती. कादंबरींत एकंदर २,६०,४३० शब्द, व त्यांत निरनिराळे शब्द २९,८९९. वापराच्या उतरत्या क्रमानें लावल्यावर दहाव्या क्रमांकाचा शब्द २,६५३ वेळां आलेला दिसला. शंभराव्या क्रमांकाचा २६५ वेळां. हजाराव्या क्रमांकाचा २६ वेळां. आणि दहाहजाराव्या क्रमांकाचा अवघा २ वेळां. क्रमांक दहापट झाला कीं संख्या दहाव्या हिश्श्यावर येते! क्रमांक व संख्या यांचा गुणाकार केला तर तो बहुतेक सारखाच, म्हणजे २६,००० च्या आसपास येतो. अगदीं तळाशीं मात्र तो थोडा ढळतो. जॉइस यांनीं लिहितांना असा हिशेब मुळींच केलेला नसणार. लेखकाच्या नकळत हा क्रम त्याच्या लेखणींतून उतरला होता. यालाच पुढें झिफचा नियम असें नांव मिळालें.

येथपर्यंतची हकीकत भाषेची झाली. आतां शहरांकडे वळूं. शब्दांच्या याद्या करितां करितां झिफ यांच्या मनांत असें आलें कीं, माणसें जशीं शब्द वापरतात, तशींच तीं जमिनीवर वस्तीही करतात; मग तेथेंही हाच क्रम आढळतो कीं काय, हें पाहण्यास काय हरकत आहे? अमेरिकेंत १७९० सालापासून दर दहा वर्षांनीं शिरगणती होत आली आहे. झिफ यांनीं १७९० पासून १९३० पर्यंतच्या शिरगणत्यांतील २,५०० किंवा अधिक वस्तीच्या गांवांचे आंकडे घेऊन त्यांचे आलेख काढले.

त्यांची रीत विद्यार्थ्यांना स्वतः करून पाहतां येईल. सर्वांत मोठ्या शहराला क्रमांक १ द्यावा, त्याच्या खालच्याला २, आणि असेंच पुढें जावें. नंतर प्रत्येक शहराची लोकसंख्या त्याच्या क्रमांकानें गुणावी. अमेरिकेच्या १९४० सालच्या शिरगणतींत न्यूयॉर्कची वस्ती ७४,५४,९९५ होती. दुसरें शहर शिकागो. त्याची वस्ती ३३,९६,८०८, म्हणजे पहिल्याच्या निम्म्याहून थोडी कमी. चौथें डेट्रॉइट, वस्ती १६,२३,४५२. तिची चौपट सुमारें ६५ लाख. पांचवें लॉस अँजेलीस, वस्ती १५,०४,२७७. तिची पांचपट सुमारें ७५ लाख. नववें बोस्टन, वस्ती ७,७०,८१६. तिची नऊपट सुमारें ६९ लाख. दहावें पिट्सबर्ग, वस्ती ६,७१,६५९. तिची दहापट सुमारें ६७ लाख. पहिल्या व दहाव्या शहरांच्या वस्तींत अकरा पटींचें अंतर. पण दहाही शहरांचे गुणाकार पाहिले तर ते ५३ लाख व ७५ लाख यांच्या दरम्यानच पडतात. तराजूनें तोलून दिल्यासारखे ते बरोबर नाहींत, हें खरें. तथापि ज्या गोष्टीवर कोणाचाच ताबा नाहीं, तींत इतका मेळ असावा, हेंच नवल होय.

असे आंकडे झिफ एका विशेष प्रकारच्या आलेखकागदावर मांडीत. त्यावर समान अंतरांवर १, २, ३ असे आंकडे नसून १, १०, १००, १००० असे दसपटीचे आंकडे असतात. या कागदावर वरील क्रम एका तिरकस सरळ रेषेच्या रूपानें दिसतो. १७९० सालीं न्यूयॉर्कची वस्ती ३३,१३१ होती. १९३० सालीं ती ६९,३०,४४६ झाली. एकशेंचाळीस वर्षांत शहर दोनशें पटींहून अधिक वाढलें. मधल्या काळांत कित्येक नवीं शहरें उदयास आलीं, व जुनीं मागें पडलीं. तरी रेषा आपला उतार फारसा न सोडतां वर वर सरकत राहिली. जणूं एखाद्या पलटणींतील सगळे शिपाई बदलले, तरी पलटणीची रांग मोडली नाहीं.

हा क्रम प्रथम झिफ यांनाच दिसला, असें मात्र नाहीं, व तें सांगणें न्यायाचें आहे. जर्मनींतील येना विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक फेलिक्स आउअरबाख यांनीं १९१३ सालींच एका भूगोलविषयक मासिकांत लेख लिहून शहराची वस्ती व त्याचा क्रमांक यांचा गुणाकार जवळजवळ कायम राहतो, असें दाखविलें होतें. हे विद्वान् गृहस्थ ज्यू होते. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षीं, १९३३ सालीं, त्यांचा करुण अंत झाला. शब्दांच्या बाबतींतही फ्रान्समधील लघुलिपीचे तज्ज्ञ एस्तू यांनीं अशाच क्रमाची नोंद झिफ यांच्या आधीं केली होती. मग नियमाला झिफ यांचेंच नांव कां पडलें? कारण हें कीं, इतरांनीं तो एकेका क्षेत्रांत पाहून सोडून दिला. झिफ यांनीं मात्र शब्द, शहरें व माणसांचे इतर अनेक व्यवहार यांचे आंकडे वर्षानुवर्षें गोळा केले, व या सर्वांच्या मुळाशीं एकच कारण असलें पाहिजे, असा आग्रह धरला.

तें कारण त्यांच्या मतें अल्पतम श्रमाचें तत्त्व होय. मनुष्य जें करतो तें एकंदरींत कमींत कमी श्रम पडतील अशा रीतीनें करूं पाहतो, असें हें तत्त्व सांगतें. झिफ यांनीं कारागिराच्या हत्यारांचा दृष्टान्त घेतला आहे. सुताराचें उदाहरण घेऊन तो समजून घेऊं. जीं हत्यारें त्याला घडोघडी लागतात तीं तो हाताशीं ठेवतो. जें वर्षांतून एकदां लागतें तें कोपऱ्यांतील पेटींत पडून राहतें. शब्दांचेंही तसेंच. बोलणाराची सोय पाहिली तर एकाच शब्दानें सगळें काम भागावें. ऐकणाराची सोय पाहिली तर प्रत्येक अर्थाला निराळा शब्द हवा. या दोन ओढींच्या तडजोडींतून भाषा घडते. शहरांच्या बाबतींतही झिफ यांनीं अशाच दोन ओढी मानल्या. एक ओढ माणसांना कच्च्या मालाजवळ, म्हणजे शेतें, खाणी व जंगलें यांजवळ पांगवून ठेवते, कारण तेथून माल दूर वाहून नेण्याचा त्रास वांचतो. दुसरी ओढ त्यांना एकत्र आणते, कारण तयार माल व त्याचें गिऱ्हाईक एके ठिकाणीं असलें म्हणजे तोही वाहून नेण्याचा त्रास वांचतो. पहिलीचाच जोर झाला तर देशभर नुसतीं खेडीं होतील. दुसरीचाच झाला तर सगळा देश एका नगरांत येऊन राहील. दोघींचा तोल साधला म्हणजे लहानमोठ्या शहरांची उतरंड तयार होते.

याच विचारानें त्यांनीं शहराशहरांमधील दळणवळणाचाही अभ्यास केला. दोन शहरांच्या लोकसंख्यांचा गुणाकार करून त्याला त्यांमधील अंतरानें भागावें. जो आंकडा येईल त्याच्या प्रमाणांत त्या दोहोंमध्यें माणसांची येजा होते, असें अनुमान त्यांनीं १९४६ सालीं मांडलें. तें पडताळण्यासाठीं त्यांनीं मोटारबस, आगगाडी व विमान यांनीं प्रवास करणाऱ्यांचे आंकडे तपासले. भाषेच्या अध्यापकानें असे आंकडे तपासीत बसावें, हें अनेकांना विचित्र वाटलें असेल. पण हार्वर्डनें त्यांची नेमणूक विद्यापीठाचे व्याख्याते म्हणून केली होती, व त्यामुळें एकाच विषयाचें बंधन त्यांजवर उरलें नव्हतें. हें स्वातंत्र्य त्यांना मानवलें. आणि त्यांतच त्यांचा धोकाही होता.

तो धोका कोणता, तें आतां पाहूं. १९४१ सालीं त्यांनीं राष्ट्रांची एकी व बेकी या विषयावर एक ग्रंथ लिहिला. ज्या देशाच्या शहरांची रेषा सरळ, तो देश आंतून एकजीव. ज्याची रेषा वांकडी, त्याच्या घडणींत कोठें तरी बिघाड आहे, अशी त्यांची विचारसरणी होती. ऑस्ट्रियाचें उदाहरण घ्या. १९१८ पूर्वीं व्हिएन्ना ही एका अफाट साम्राज्याची राजधानी होती, व त्या साम्राज्यांत बुडापेस्टसारखीं दुसरीं मोठीं शहरेंही होतीं. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य मोडलें, आणि ऑस्ट्रिया हा लहानसा देश उरला. त्यांत व्हिएन्नाची वस्ती १८ लाखांवर, व दुसऱ्या क्रमांकाच्या ग्रात्स शहराची जेमतेम दीड लाख. धड लहान, पण डोकें राक्षसाचें, अशी त्या देशाची आकृति झाली. रेषेकडे पाहून त्या देशाचें दुखणें कांहीं अंशीं ओळखतां येई, हें खरेंच. परंतु दुखणें ओळखणें निराळें, आणि त्यावर अमुकच उपाय योग्य म्हणणें निराळें. १९३८ सालीं हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेंही या रेषेच्या आधारें समर्थनीय मानण्यापर्यंत झिफ यांची विचारसरणी जाते, असा गंभीर आक्षेप टीकाकारांनीं पुढें घेतला. आलेखावरील ठिपके हीं माणसांचीं घरें असतात, आणि एखादी रेषा सरळ व्हावी म्हणून कोणाचेंही स्वातंत्र्य हिरावून घेतां येत नाहीं, ही गोष्ट कोणत्याही शास्त्रज्ञानें विसरतां कामा नये.

शिवाय नियमाला अपवादही पुष्कळ आहेत. १९३९ सालीं मार्क जेफर्सन या अमेरिकन भूगोलज्ञांनीं अशा देशांकडे लक्ष वेधलें कीं, जेथें पहिलें शहर दुसऱ्याच्या दुप्पट नसून त्याहून कितीतरी मोठें असतें. लंडन, पॅरिस हीं त्यांतलींच. अशा शहराला त्यांनीं अग्रनगर या अर्थाचें नांव दिलें. म्हणजे झिफचा नियम हा गुरुत्वाकर्षणासारखा अढळ नियम नव्हे. अनेक मोठ्या देशांत सामान्यपणें आढळणारा तो एक कल आहे.

१९४९ सालीं झिफ यांचा शेवटचा व सर्वांत मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मनुष्याचें वर्तन व अल्पतम श्रमाचें तत्त्व हा त्याचा विषय. आयुष्यभर जमविलेली सामग्री त्यांनीं त्यांत ओतली. ग्रंथाचें स्वागत संमिश्र झालें. त्यांतील आंकड्यांनीं वाचक चकित झाले. पण त्यांतील गणित कच्चें आहे, व एकाच तत्त्वावर सगळ्या मनुष्यव्यवहारांचा भार टाकला आहे, असें जाणत्यांना वाटलें. या टीकेला सवडीनें उत्तर देणें झिफ यांच्या नशिबीं नव्हतें. कर्करोगानें ग्रासून २५ सप्टेंबर १९५० रोजीं ते निवर्तले. त्यांचें वय अवघें ४८ वर्षांचें होतें.

त्यांच्या मागें त्यांच्या नियमाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. हार्वर्डचेच गणिती जोसेफ वॉल्श यांनीं त्या अखेरच्या ग्रंथाचें परीक्षण लिहिलें होतें. त्याची एक प्रत पॅरिसमध्यें शोलेम मांडेलब्रॉइट या गणितज्ञांकडे आली, व त्यांनीं ती केराच्या टोपलींत टाकली. त्यांचा तरुण पुतण्या बन्वा मांडेलब्रो भेटीस आला होता. परत जातांना भुयारी आगगाडींत वाचावयास कांहीं तरी द्या, असें त्यानें म्हणतांच काकांनीं टोपलींतून तेंच परीक्षण काढून त्याच्या हातीं दिलें. पुतण्या त्यांत इतका रंगून गेला कीं, त्यानें शब्दांच्या क्रमाचें गणित नव्यानें मांडलें, आणि १९५२ सालच्या आपल्या प्रबंधांत त्याला स्थान दिलें. हाच तरुण पुढें जगप्रसिद्ध गणिती झाला. केरांत गेलेल्या कागदानें एका बुद्धिमंताच्या आयुष्याला वळण लावलें!

त्यानंतर नियमाची उलटतपासणी सुरू झाली. १९५५ सालीं हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानांनीं असें दाखविलें कीं, ज्याच्यापाशीं आधींच अधिक आहे त्याच्याकडे नव्यापैकींही अधिक जातें, एवढें गृहीत धरलें तरी असा क्रम आपोआप तयार होतो. १९५७ सालीं मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनीं आणखी एक धक्का दिला. टंकलेखनयंत्रावर कोणी अक्षरें व मोकळ्या जागा वाटेल तशा बडवीत गेलें, तरी त्या निरर्थक शब्दांतही जवळजवळ हाच क्रम उमटतो, असें त्यांनीं सिद्ध केलें. म्हणजे केवळ क्रम दिसला म्हणून अल्पतम श्रमाचें तत्त्व सिद्ध झालें, असें म्हणतां येईना. शहरांच्या बाबतींत १९९९ सालीं फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ झाविए गाबे यांनीं एक उत्तर पुढें मांडलें. शहर मोठें असो वा लहान, त्याच्या वाढीचा सरासरी दर व त्या दरांतील चढउतार हीं सर्वांना सारखींच असलीं, आणि फार लहान गांवांना नाहींसें होण्यापासून थोडा आधार असला, तर दीर्घ काळानें शहरांची रांग झिफच्या नियमाप्रमाणें लागते. कोणी योजना आंखत नाहीं. असंख्य कुटुंबें आपापल्या पोटापाण्यासाठीं इकडून तिकडे जातात. आणि त्यांच्या एकत्रित हालचालींतून ती रांग उभी राहते. झिफ यांनीं दाखविलेला क्रम टिकला. त्यांनीं सांगितलेलें कारण मात्र वादांत सांपडलें.

आपल्या देशाकडे पाहिलें तर काय दिसतें? २०११ सालच्या जनगणनेंत उपनगरांसह मुंबईची लोकसंख्या सुमारें १ कोटी ८४ लाख, दिल्लीची १ कोटी ६३ लाख, व कलकत्त्याची १ कोटी ४१ लाख होती. नियमाप्रमाणें दिल्ली मुंबईच्या निम्मी व कलकत्ता एकतृतीयांश असावयास पाहिजे होता. प्रत्यक्षांत तिन्ही शहरें जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभीं आहेत. याचें कारण इतिहासांत आहे. कलकत्ता ही १९११ पर्यंत ब्रिटिशांची राजधानी होती, त्यानंतर तो मान दिल्लीला मिळाला, आणि मुंबईनें बंदर, कापड-गिरण्या व व्यापार यांच्या बळावर आपलें स्थान मिळविलें. विस्तीर्ण देशांत तीन निरनिराळ्या मुलुखांचीं तीन डोकीं वाढलीं. उलट महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर मुंबईखालोखाल पुण्याची लोकसंख्या सुमारें ५० लाख व नागपूरची सुमारें २५ लाख. येथें मुंबई पुण्याच्या साडेतीन पटींहून मोठी. शिवाय हद्द कोठें धरावी, हाही प्रश्न असतोच. केवळ बृहन्मुंबई महानगरपालिकेची हद्द घेतली तर त्याच साली मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख भरते. सीमा बदलली कीं आंकडा बदलतो, व आंकडा बदलला कीं रेषाही हलते. म्हणून गणना करणारानें आपण काय मोजलें, हें आधीं स्पष्ट सांगितलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, झिफ यांच्या चरित्रापासून घेण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला हा कीं, रोज डोळ्यांपुढें असलेल्या क्षुल्लक वस्तूंतही मोठा अर्थ दडलेला असतो, आणि तो शोधावयास महागड्या यंत्रांची गरज नसते. तुमच्या मराठी क्रमिक पुस्तकांतील एक लांबसा धडा घ्या. त्यांतील प्रत्येक शब्द किती वेळां आला तें वहीवर मांडा. किंवा जनगणनेच्या तक्त्यांतून शहरांचे आंकडे घेऊन त्यांना क्रमांकांनीं गुणून पाहा. सुटींतील दोन दुपारी त्यास पुरेत. नियमाशीं आंकडे जुळले तर आनंद होईलच; पण न जुळले तर अधिक विचार करा, कारण न जुळण्यांतच त्या गांवाचा किंवा त्या देशाचा खरा इतिहास सांपडण्याचा संभव असतो.

दुसरा धडा अधिक अवघड आहे. एकदां नियम सांपडला कीं, सारें जग त्याच सांच्यांत बसवावें, असा मोह होतो. झिफ यांच्यासारख्या कष्टाळू माणसालाही तो आवरला नाहीं. क्रम दिसणें ही एक पायरी. त्याचें कारण कळणें ही दुसरी. आणि त्यावरून माणसांनीं कसें राहावें हें ठरविणें ही अगदींच निराळी गोष्ट. पहिली पायरी त्यांनीं इतक्या निष्ठेनें चढून दाखविली कीं, त्यांच्यामागून येणाऱ्यांना दुसरीवर पाय ठेवतां आला. आपल्या मर्यादांसकट अशा माणसांचें ऋण मान्य करणें, आणि त्यांनीं जेथें हात टेकले तेथून पुढें मोजूं लागणें, यांतच त्यांचा खरा गौरव आहे.